मूळ फितीतला नाद

१९७० च्या दशकात डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीने पाश्चात्त्य अभिजात संगीताची अनेक ध्वनिमुद्रणे चार मार्गिकांच्या फितीवर केली. दोन मार्गिकांवर वाद्यवृंद, उरलेल्या दोहोंवर मुख्यतः सभागृहाचा घुमारा. श्रोत्याला चहूबाजूंनी नादाने वेढण्याची ती कल्पना बाजारात रुजली नाही. तबकड्या निघाल्या त्या नेहमीच्या दोन मार्गिकांच्या, आणि त्याही फितीच्या नकलेवरून.

२०२३ पासून ‘द ओरिजिनल सोर्स’ या मालिकेसाठी बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओत ती मूळ फीत पुन्हा यंत्रावर चढू लागली. चारही मार्गिकांचे मिश्रण त्याच क्षणी होऊन थेट कोरणसुईकडे जाते. मधली नक्कल नाही, अंकीय रूपांतरही नाही. कार्लोस क्लायबर यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने वाजविलेली बेथोव्हनची सातवी सिंफनी या मालिकेच्या आरंभीच आली. (७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत लाख असे, म्हणजे कीटकांचा स्राव, आणि तो मिळविताना असंख्य जीव जात. आजची तबकडी व्हायनिलची असते, हे जैन घरात नोंदविण्याजोगे.)

या आवृत्त्या मर्यादित व क्रमांकित असतात; मोहाचे मूळ तेथेच आहे. भाव चढेल म्हणून वेष्टनही न फोडता तबकडी जपणारे संग्राहक आहेत. हा निव्वळ परिग्रह होय. संगीताशी त्याचा संबंध उरत नाही. परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत फडताळालाही लागू करता येते. पन्नासांची मर्यादा घातली, तर एक्कावन्नावी आणण्यापूर्वी एक कोणाला तरी द्यावी लागेल. कोणती, हे ठरविण्यासाठी आधी सगळ्या ऐकाव्या लागतील. आणि क्लायबर यांच्या एकट्या सातव्या सिंफनीलाच जवळजवळ चाळीस मिनिटे लागतात.