शीतकपाटाची खोटी साक्ष

पुण्याच्या १८८६ सालच्या मंडईंत भाजी आजही ओल्या गोणपाटाखालीं ताजी राखतात. आसपासच्या दुकानांत मात्र कांचेच्या दाराचीं शीतकपाटें आलीं आहेत. कपाट थंड होईना, कीं दोष गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा ठरतो आणि दुकानदाराची थैली हलकी होते. खोटी साक्ष पुष्कळदां उष्णतामान मोजणारा इवलासा सेन्सर देत असतो.

हा बहुधा थर्मिस्टर असतो. गारवा वाढला कीं त्याचा विद्युद्रोध वाढतो. तार तुटली तर रोध अनंत होतो. आंत कडाक्याची थंडी आहे असें समजून यंत्र कॉम्प्रेसर चालूच करीत नाहीं. तारा एकमेकींस चिकटल्या तर तो थांबतच नाहीं, आणि फळें गोठतात.

परीक्षा सोपी आहे. वीज बंद करून सेन्सर सोडवावा, कुटलेल्या बर्फांत थोडें पाणी घालून त्यांत पांच मिनिटें बुडवावा व मल्टिमीटर लावावा. २५ अंशांवर १०,००० ओहम दाखविणारा सेन्सर शून्य अंशावर सुमारें तिप्पट आंकडा देतो. (उकळत्या पाण्यावर विसंबूं नये, पुण्याच्या उंचीवर तें ९८ अंशांच्या सुमारासच उकळतें. बर्फ प्रामाणिक!) आंकडा न जुळल्यास त्याच जातीचा सेन्सर बसवावा. ५,००० ओहमचा बसविला, तर आंत ऊन आहे असें समजून यंत्र सारा माल गोठवून टाकील.