हायड्रॉलिक ओंडके फोडणी यंत्र : सुरक्षित व कार्यक्षम रचना

प्रस्तावना : २०२३ साली अस्तित्वात आलेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर हा संत्री व कापसाचा तालुका. बागेतून काढलेली जुनी झाडे, बांधावरची बाभूळ यांचे ओंडके कुऱ्हाड, घण व पाचर वापरून फोडणे हे अतिशय कष्टाचे काम आहे. कम्युनिटी कॉलेजच्या कार्यशाळेत याच कामासाठी हायड्रॉलिक यंत्राची रचना हा उत्तम प्रकल्प ठरू शकतो; मात्र बोटे शाबूत ठेवणे ही त्याची पहिली अट होय.

बलाचे गणित : पास्कलच्या नियमानुसार बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. १०० मि.मी. व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ ७८.५ चौ.सें.मी. असते. १७५ बार दाबाला त्यातून सुमारे १३७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १४ टनांचे बल मिळते.

गतीचा प्रश्न : ६० सें.मी. धाव पूर्ण करण्यास ४.७ लिटर तेल लागते. मिनिटाला १० लिटर देणारा पंप घेतल्यास २८ सेकंद जातील. मोठा पंप घेतल्यास मोटारही मोठी लागेल. यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. ओंडक्यापर्यंत पोहोचताना तो कमी दाबाने ४० लिटर देतो. लाकडाने विरोध करताच जास्त दाबाने १० लिटर देऊ लागतो. पूर्ण दाबाला सुमारे ३ किलोवॅट शक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास ५ अश्वशक्तीची मोटार पुरते. सोपा ओंडका मग ७-८ सेकंदांत फुटतो.

सांगाडा : सिलिंडरचा अक्ष तुळईच्या मध्यरेषेपासून २० सें.मी. वर असल्यास तुळईवर २७ किलोन्यूटन-मीटरचे वाकवणारे आघूर्ण येते. म्हणून तुळई केवळ ओढीसाठी नव्हे, तर वाकण्यासाठीही तपासावी. रिलीफ व्हॉल्व्ह १७५ बारला बसवून त्याची खूण सीलबंद करावी. तो वाढवला तर सर्व गणित निरर्थक ठरते.

सुरक्षा : दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबाव्या लागणाऱ्या दोन मुठी ठेवाव्यात. कोणतीही एक सुटताच व्हॉल्व्ह मध्यस्थितीत येऊन दांडा थांबला पाहिजे. मूठ तारेने बांधून ठेवण्याची पळवाट रचनेतच बंद करावी. तथापि ही योजना फक्त चालकाचे हात वाचवते. ओंडका धरणाऱ्या मदतनिसाचे नव्हे. म्हणून ओंडका टेकवण्यासाठी आधार द्यावा व यंत्राजवळ एकच व्यक्ती असावी. नळीतील गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याने शोधावी. सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निष्कर्ष : विद्यार्थ्यांनी प्रथम सुरक्षा-आराखडा, नंतर बलाचे गणित व शेवटी जोडणी असा क्रम ठेवावा. मूल्यमापनातही किती टनांचे बल मिळाले यापेक्षा मूठ सोडल्यावर दांडा किती लवकर थांबला, या कसोटीला अधिक गुण द्यावेत.