स्पर्धा नीट झाली, हे कशावरून ओळखावे?

श्रोतेहो, बक्षीस केवढे आणि मांडव किती मोठा, यावरून आपण स्पर्धेची प्रत ठरवतो. हे माप काही खरे नव्हे. पेंटबॉल या अमेरिकी खेळाचेच पाहा ना. तिकडे झाडांवर व गुरांवर खूण करायला रंगाच्या गोळ्या उडवणारे पिस्तूल वापरीत. तेच हाती घेऊन १९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या रानात बारा जण पहिला डाव खेळले. आता संघ समोरासमोर उतरतात. अंगावर गोळी फुटून रंग लागला, की गडी बाद.

अशा स्पर्धेत आधी डोळ्यांची काळजी पाहावी. गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३०० फुटांच्या आत ठेवतात. प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात का? मैदानात कुणी मुखवटा काढीत नाही ना? प्रेक्षकांपुढे जाळी आहे ना? इथे ढिलाई झाली, तर एखाद्याचा डोळाच जायचा.

मग पंच पाहावेत. लागलेला रंग हळूच पुसून खेळत राहण्याचा मोह होतोच. म्हणून पंच पुरेसे हवेत आणि निःपक्षपातीही. नियम व वेळा आधीच सर्वांना कळलेल्या हव्यात.

गुरुजी, शाळेत कबड्डीचे सामने भरवाल तेव्हाही हेच विचारा. मैदानात खडे नाहीत ना? मलमपट्टीची पेटी जवळ आहे ना? पंच कुणाचा सोयरा तर नाही? हरलेला गडी ‘न्याय झाला’ म्हणत घरी गेला, तर स्पर्धा नीट झाली असे खुशाल समजा.