देव आधीचे, देऊळ नंतरचे : शिरड शहापूरच्या मल्लिनाथ मंदिराचा इतिहास कसा वाचायचा?

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात औंढा-वसमत रस्त्यावर शिरड शहापूर हे गाव लागते. आठव्या ज्योतिर्लिंगाला जाणारे बहुतेक भाविक इथे न थांबता पुढे निघून जातात. पण दिगंबर जैन समाजासाठी हे गावच तीर्थ आहे. इथल्या मंदिराचे मूलनायक, म्हणजे मुख्य देव, आहेत एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ. हे मंदिर सुमारे ३०० वर्षांचे असल्याचे सांगितले जाते. अशा खेडेगावातल्या देवळाचा इतिहास नेमका कशावरून ठरतो?

परंपरा काय सांगते?

परंपरेनुसार ही मूर्ती मूळची शिरड शहापूरची नाही. ती आधी अर्धापूरला होती आणि एका भट्टारकांनी ती तिथून हलवून या गावात आणली. अर्धापूर आज नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. मध्ययुगाच्या पूर्वार्धात तिथे राष्ट्रकूट वंशातल्या एका शाखेची सत्ता होती. राष्ट्रकूटांच्या काळात जैन धर्माला दरबारी आश्रय मिळत असे. सम्राट अमोघवर्ष (पहिला) हा तर आचार्य जिनसेनांना गुरू मानत असे.

ही परंपरा मान्य केली, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. या ठिकाणी मूर्तीचा इतिहास आणि इमारतीचा इतिहास वेगवेगळा आहे. ३०० वर्षे हे वय मूर्ती इथे आल्यापासूनचे. मूर्ती घडली कधी, हा प्रश्न स्वतंत्र आहे.

भट्टारक म्हणजे कोण?

दिगंबर मुनी वस्त्र आणि मालमत्ता यांचा त्याग करतात आणि एका जागी राहत नाहीत. भट्टारक मात्र वस्त्रधारी असत. त्यांची गादी ठरलेली असे. मंदिरांची देखरेख, मूर्तींची प्रतिष्ठा, पोथ्यांचा सांभाळ, समाजातले तंटे मिटवणे ही कामे ते करत. विदर्भातले कारंजा (आताचा वाशीम जिल्हा) हे त्यांचे मोठे केंद्र होते. तिथल्या बलात्कारगणाचीच एक शाखा पुढे लातूरला सुरू झाली. मराठवाड्यातल्या विखुरलेल्या जैन वस्त्यांना बांधून ठेवणारी यंत्रणा हीच होती. त्यामुळे एखाद्या गावातली वस्ती ओसरली, पूजेला माणूस उरला नाही किंवा राजकीय धामधूम वाढली, तर मूर्ती सुरक्षित जागी नेण्याचा निर्णय भट्टारक घेऊ शकत.

‘अतिशय क्षेत्र’ हा काय प्रकार आहे?

जिथून तीर्थंकर किंवा मुनी मोक्षाला गेले, ते सिद्धक्षेत्र. उदाहरणार्थ, मांगीतुंगी किंवा कुंथलगिरी. जिथल्या मूर्तीशी चमत्काराच्या, म्हणजे ‘अतिशया’च्या, कथा जोडलेल्या असतात ते अतिशय क्षेत्र. शिरड शहापूर या दुसऱ्या प्रकारात मोडते. मल्लिनाथांचा जन्म मिथिलेचा आणि मोक्ष सम्मेदशिखरावरचा मानला जातो. त्यांचे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, कलश. श्वेतांबर परंपरा मल्लिनाथांना स्त्री तीर्थंकर मानते, दिगंबर परंपरा मानत नाही.

मूर्तीचे वय कसे कळते?

पहिला पुरावा असतो मूर्तिलेख. अनेक जैन मूर्तींच्या बैठकीवर प्रतिष्ठेची तिथी, गण, भट्टारकांचे नाव आणि खर्च करणाऱ्या श्रावकाचे नाव कोरलेले असते. तिथी शके असेल तर ७८ मिळवायचे आणि विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे, की साधारण इसवी सन मिळतो.

पण हा पुरावाही जपून वापरावा लागतो. जीवराज पापडीवाल या श्रेष्ठींनी संवत १५४८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९१ च्या सुमारास, मुडासा इथे भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य मूर्तींची प्रतिष्ठा करवली. त्या मूर्ती भारतभरातल्या दिगंबर मंदिरांत पोहोचल्या. एखाद्या गावच्या देवळात १५४८ चा लेख सापडला, तर त्यावरून देऊळ तेव्हाचे ठरत नाही.

विद्याधर जोहरापूरकर यांनी असेच मूर्तिलेख, पोथ्यांच्या शेवटच्या प्रशस्ती आणि गुरुपरंपरेच्या पट्टावल्या एकत्र करून १९५८ मध्ये ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला. भट्टारकांचा कालक्रम लावायचा असेल, तर अभ्यासकांना आजही तो उघडावा लागतो.

कागदोपत्री पुरावा कुठे मिळतो?

वेल्समधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चचा इतिहास लिहिणाऱ्याला एक सोय असते. थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. आपल्या देवळांना अशी वही नव्हती. मात्र दुसऱ्या प्रकारचे कागद होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. देवस्थानाला इनाम जमीन असेल, तर तिचा मुंतखब, म्हणजे इनाम मंजुरीचा दस्तऐवज, असतो. हे कागद उर्दू किंवा फारसीत असतात. जुन्या सरकारी नोंदींत शिरड शहापूर हिंगोलीत शोधून भागत नाही, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदी परभणी जिल्ह्याच्या नावावर आहेत. न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तालयात मिळते.

हा पुरावा टिकेल का?

धोका नेहमी चोरीचाच असतो असे नाही. रोजच्या अभिषेकाने बैठकीवरची अक्षरे झिजतात. वज्रलेपाखाली लेख झाकला जातो. जीर्णोद्धारात जुनी चौकट निघून संगमरवर आणि टाइल्स बसतात. हे सगळे श्रद्धेपोटीच होते, पण त्यात एकदा गेलेली ओळ परत मिळत नाही. शिवाय खेड्यातली कुटुंबे शहरात गेली, की तोंडी माहिती सांगणारेही कमी होतात.

उपाय फार खर्चाचा नाही. काम सुरू होण्याआधी प्रत्येक लेखाचा तिरप्या उजेडात फोटो काढायचा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. अक्षरे जशी आहेत तशीच उतरवायची, शुद्धलेखन सुधारायचे नाही. मुंतखबाची प्रत जाणकाराकडून वाचून घ्यायची. वडीलधाऱ्यांकडून मूर्ती आल्याची हकिकत ध्वनिमुद्रित करायची. ३०० वर्षांची परंपरा खरी की खोटी, हे ठरवण्याची घाई नसली तरी चालेल. ती तपासता येईल एवढे साहित्य मात्र शिल्लक राहिले पाहिजे.