ओढ्याची वाट

धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगराळ पठारावर वसले आहे. शहराच्या कडेच्या वस्त्यांतील ओढे उन्हाळ्यात कोरडे असतात. मुले तेथे खेळतात, माणसे ये-जा करतात. ही जागा रिकामी आहे असे वाटते. परंतु ती पाण्याची वाट असते. मृगाचा पाऊस कोसळला, की रस्त्यांवरचे पाणी उताराने ओढ्यांत उतरते आणि भोगावती नदीकडे धाव घेते. पुढे भोगावती सीनेला, सीना भीमेला व भीमा कृष्णेला मिळते. ओढ्यात कचरा टाकला, त्यावर बांधकाम केले किंवा मोरी बुजली, तरी पाणी थांबत नाही. ते रस्त्यावर येते व घरांत शिरते. म्हणून कोरड्या ओढ्याचीही वाट मोकळी ठेवली पाहिजे.