मान ज्याच्या हाती द्यायची त्याचा परवाना

सॅक्रामेंटो : पाठ धरली की इथली बरीच माणसं थेट कायरोप्रॅक्टरकडे जातात. दिवसभर संगणकापुढे बसणारी सिलिकॉन व्हॅलीतली आपली मराठी मंडळीही जातात. हा माणूस हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करतो. कॅलिफोर्नियात त्याला औषध लिहून देता येत नाही, शस्त्रक्रियाही करता येत नाही. ‘डॉ.’ लावायचं असेल तर आपण कायरोप्रॅक्टर आहोत हे नावासोबत लिहावंच लागतं.

गंमत म्हणजे हे नियम घालून देणारा कायदा विधिमंडळाने केलेला नाही. डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला ही पद्धत सुरू केली आणि विनापरवाना वैद्यकी केली म्हणून 1906 मध्ये ते स्वतः तुरुंगात गेले. पुढे कॅलिफोर्नियातही अनेकांनी दंड भरण्यापेक्षा कैद पत्करली. लोकांची सहानुभूती वाढत गेली आणि 1922 मध्ये मतदारांनीच थेट मतदानाने परवान्याचा कायदा मंजूर केला. अमेरिकेत असा परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं. पहिला कायदा कॅन्ससचा, 1913 चा. शेवटचा लुईझियानाचा, 1974 चा.

मतदारांनी केलेला मूळ कायदा बदलायचा तर पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीची चौकट अजून उभी आहे. कायरोप्रॅक्टरांवर देखरेख करणाऱ्या मंडळावर गव्हर्नर सात जण नेमतात. त्यांतले पाच कायरोप्रॅक्टर, दोनच सामान्य नागरिक. परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अंतिम निर्णय याच मंडळाचा. उपचारातली चूक ओळखायला जाणकार हवेत हे मान्य, पण आपल्याच व्यवसायबंधूचा न्याय करताना बहुमतही त्यांचंच असावं, हे मला पटत नाही. 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्य मंडळाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की, व्यावसायिकांच्याच हातातल्या मंडळावर सरकारची सक्रिय देखरेख नसेल, तर स्पर्धा-कायद्यापासून त्याला संरक्षण मिळणार नाही.

रुग्णाच्या दृष्टीने खरं मोलाचं पाऊल पडलं ते राज्याच्या 2018 च्या वेगळ्या कायद्याने. लैंगिक गैरवर्तनासारख्या गंभीर प्रकारांबद्दल शिक्षा म्हणून कुणाचा परवाना देखरेखीखाली असेल, तर जुलै 2019 पासून पहिल्या भेटीआधीच त्याला रुग्णाला तसं कळवून सही घ्यावी लागते. ही सक्ती कायरोप्रॅक्टरांनाही लागू आहे.

मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं दुर्मीळ असली तरी वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. तेव्हा उपचारातल्या हलगर्जीपणाबद्दल झालेली कारवाईही रुग्णाला आधी कळायलाच हवी. म्हणून इथल्या मराठी वाचकांनी एक करावं : वेळ ठरवण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर त्या व्यक्तीचं नाव टाकावं. परवाना चालू आहे का, कारवाई झाली आहे का, हे तिथे फुकट दिसतं.