पाच माकडं की पन्नास?

चांदूर रेल्वेत दहावीच्या पोरांना विचारा, समीकरण सोडवायचं कसं? उत्तर ठरलेलं : ‘इकडचं तिकडं गेलं का चिन्ह बदलते.’ हे अर्धंच खरं आहे, आणि मार्क जातात ते उरलेल्या अर्ध्यात. ३क्ष + ४ = १९ मधला ४ पलीकडे नेला, ३क्ष = १५ झालं. इथवर ठीक. मग तोच हिसका ३ ला देऊन क्ष = १५ − ३ = १२! ताळा करा : ३ × १२ + ४ = ४०. खरं तर पलीकडे काही जातच नाही. दोन्ही बाजूंतून ४ वजा केले, मग दोन्ही बाजूंना ३ ने भागलं, म्हणून क्ष = ५. इथं चिन्ह बदलायचा प्रश्नच नव्हता.

वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात दोन उत्तरं आली की ऋण असेल ते टाकायचं, हा आणखी एक पाठ केलेला नियम. बरं, दोन्ही धन आली तर? भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘बीजगणित’ ग्रंथात नेमकी हीच अडचण मांडली आहे. उदाहरण असं : कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत शिरली. एक तेवढं बाहेर दिसतंय. कळप केवढा?

कळप क्ष मानू.
(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
२५ ने गुणून : (क्ष − १५)² + २५ = २५क्ष
क्ष² − ३०क्ष + २२५ + २५ = २५क्ष
क्ष² − ५५क्ष + २५० = ०
(क्ष − ५०)(क्ष − ५) = ०

म्हणजे ५० किंवा ५. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक, समीकरणात दोन्ही चपखल बसतात. पण ५ घेतले, तर पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उरतात उणे २ माकडं! वर्ग केल्यावर ४ होतात, म्हणून समीकरण गप्प बसतं. भास्कराचार्यांनी ५ नाकारले. असं ऋण लोकांना पटत नाही, असं कारण दिलं. तेव्हा उत्तराचं चिन्ह बघून भागत नाही, मूळ गोष्टीत ते बसवून बघावं लागतं. मंडळाच्या परीक्षेत बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि गुण पायऱ्यांनाही असतात. शेवटी बेरीज चुकली म्हणजे सगळं उदाहरण गेलं, असं मुळीच नाही.

संभाव्यतेत मात्र शहाणेही घसरतात. ‘बडनेऱ्याकडची गाडी वेळेवर येईन नाही तं नाही, फिप्टी-फिप्टी!’ स्टेशनवर हे रोज ऐकू येतं. निष्पत्ती दोन असल्या म्हणून त्या समसंभाव्य होत नाहीत. एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं, अशी दोन नाणी फेका. दोन छापे, दोन काटे, एक-एक असे तीनच प्रकार धरून प्रत्येकाला १/३ देणारे पुष्कळ. पण रुपयावर छापा नि पाचावर काटा ही एक निष्पत्ती, उलट झालं तर दुसरी. नमुना अवकाशात निष्पत्ती ४, म्हणून एक-एक येण्याची संभाव्यता २/४.

द’अलम्बेर हा फ्रेंच गणिती १७५४ साली असाच फसला. दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता त्यानं २/३ सांगितली. त्याचा युक्तिवाद : पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून छापा, काटा-छापा, काटा-काटा एवढ्या तीनच शक्यता. मोजल्या बरोबर, पण त्यांचं वजन सारखं नाही : पहिलीचं १/२, बाकी दोघींचं १/४. बेरीज १/२ + १/४ = ३/४.

‘पाच वेळा छापा पडला, आता काटाच’ म्हणणाऱ्यासाठी शेवटचं गणित. सहा फेकींच्या निष्पत्ती २ × २ × २ × २ × २ × २ = ६४. पाच छाप्यांनंतर काटा ही त्यांतली एक, सहाही छापे हीदेखील एकच. दोन्हींची संभाव्यता १/६४.